टाक्यांची तारीख आणि वेदनेची तारीख

कुंभकोणमच्या जुन्या गल्ल्यांत दिवस उजाडतो तो उंबऱ्यासमोरच्या कोलमनं. सडा घालायचा, कमरेत वाकायचं, तांदळाच्या पिठीचे ठिपके मांडायचे. मग नळाला पाणी आलं की कुडम भरायचा. कुडम म्हणजे तिथला गोल पोटाचा घडा, पूर्वी पितळेचा, आता बहुतेक घरांत रंगीत प्लास्टिकचा. कमरेच्या वळणात तो नेमका बसतो. त्यात बारा ते पंधरा लिटर पाणी मावतं, म्हणजे वजन झालं बारा ते पंधरा किलो. ओटीपोटाची शस्त्रक्रिया करून घरी आलेल्या बाईला डॉक्टरांनी "जड उचलायचं नाही" असं बजावलेलं असतं. घरातले सगळे माना डोलावतात. तरी तिसऱ्या आठवड्यात कुडम तिच्याच कमरेवर येतो, कारण पाणी भरणं हे कुणाच्याच लेखी 'वजन उचलणं' नसतं.

गर्भपिशवी काढली असेल तर साधारण सहा आठवडे चार-पाच किलोंहून जास्त वजन उचलू नये, असं सर्वसाधारणपणे सांगतात. नुसती दुर्बिणीतून तपासणी झाली असेल तर एक-दोन आठवडे पुरतात. चार-पाच किलो म्हणजे किती, हे घरातल्या वस्तूंत सांगितलं तरच कळतं. पाण्याची छोटी कळशी चालेल, कुडम नाही. इडलीचं पीठ वाटायच्या ग्राइंडरमधला दगड उचलायचा नाही. दोन वर्षांचं मूल दहा-बारा किलोंचं असतं. त्याला खालून उचलून कडेवर घ्यायचं नाही. आपण आधी बसावं आणि त्याला मांडीवर चढू द्यावं.

कुंभकोणम, तंजावर आणि आजूबाजूच्या गावांत मराठी घरं आहेत. व्यंकोजीराजांनी १६७६ साली तंजावरात राज्य स्थापन केलं आणि ते १८५५पर्यंत टिकलं. त्या काळात तिकडे गेलेल्यांचे वंशज आजही घरात आपली मराठी बोलतात. त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण म्हणून नाव मिळवलेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणमचाच. या घरांतली बाई आईशी मराठीत बोलते आणि डॉक्टरांशी तमिळमध्ये. दोन्हीकडे एक शब्द मात्र जवळजवळ सारखाच आहे. मराठीत पथ्य, तमिळमध्ये पत्तियम. शस्त्रक्रियेनंतरची बरीच गडबड याच शब्दापाशी होते, कारण घरातल्या मोठ्या बायका पथ्य म्हटलं की बाळंतिणीचं पथ्य काढतात. पाणी कमी, भाज्या कमी, दही नको, डाळ नको, लसणाचं तिखट आणि सुका भात. बाळंतिणीलाही हे सोसत नाही, आणि टाके पडलेल्या बाईला तर याचा थेट त्रास होतो, कारण त्यातून बद्धकोष्ठ होतं.

बद्धकोष्ठाला कमी लेखू नये. भूल, वेदनाशामक गोळ्या (ट्रॅमाडॉलसारखी गोळी तर हमखास) आणि पडून राहणं या तिन्हींमुळे आतडी मंदावतात. त्यात कुंथायची वेळ आली की आतल्या टाक्यांवर ताण येतो आणि दुखण्यानं हैराण झालेले ओटीपोटाचे स्नायू आणखी आवळले जातात. म्हणून पहिल्या दिवसापासून पाणी भरपूर प्यावं. कुंभकोणमच्या घरात सोपं आणि पोटाला मानवणारं बरंच काही असतंच: पातळ कांजी, इडली, इडियाप्पम, रसमभात, म्हणजे मराठी घरांतलं सार-भात. जरा भूक लागली की केळीच्या गाभ्याची भाजी, शेवग्याचा पाला, मऊ शिजलेली डाळ, ताक. जखम भरायला प्रथिनं लागतात. वर्षानुवर्षं पाळीत जास्त रक्त गेलेल्या बाईला लोहही लागतं, तेव्हा हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. इसबगोल किंवा लॅक्टुलोज डॉक्टरांना विचारून सुरू करावं. दोन दिवस शौचाला झालं नाही तर तिसऱ्याची वाट बघत बसू नये. कमोड असेल तर पायांखाली छोटं स्टूल घ्यावं, गुडघे कमरेच्या वर येतात आणि कुंथावं लागत नाही. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर उठताना धरायला भिंतीवर दांडी लावून घ्यावी. ते जमलं नाही तर प्लास्टिकची भोक असलेली खुर्ची मिळते.

डिग्री कॉफी, म्हणजे तिथली दुधाची फिल्टर कॉफी, बंद करायची गरज नाही. मात्र ती पाण्याच्या जागी नको, पाण्याशिवाय वेगळी प्यावी.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत बेंबीपाशी आणि ओटीपोटावर अर्धा ते एक सेंटीमीटरचे तीन-चार छेद घेतात आणि पोट कार्बन डायऑक्साइडनं फुगवतात. शस्त्रक्रियेनंतर खांदा दुखतो तो या वायूमुळे. पोट आणि छाती यांच्यातल्या पडद्याला त्रास झाला की त्याची कळ खांद्यात उमटते. घरातले घाबरतात, कुणी वात धरला म्हणतं, कुणी हृदयाचं काही झालं की काय म्हणून धावतं. साधारण दोन-तीन दिवसांत ही कळ जाते, आणि चालल्यानं लवकर जाते. खांदेदुखीबरोबर धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर मात्र ती वायूची कळ समजून बसू नये.

पहिल्या दिवसापासूनच थोडं थोडं चालायचं असतं. आधी पलंगापासून न्हाणीघरापर्यंत, मग अंगणात. उठताना सरळ उठून बसू नये. कुशीवर वळावं, पाय खाली सोडावेत आणि हातांच्या आधारानं वर यावं. खोकताना, शिंकताना पोटावर उशी दाबून धरावी. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाहेर पडायचं तर कुंभकोणमला महामहम तलावाचा काठ आहे. तलाव सहा एकरांहून मोठा आहे आणि त्याच्या चारी बाजूंनी सोळा मंडप आहेत. पहिल्या दिवशी दोन मंडपांपर्यंत जावं आणि परत यावं. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तर तिसरा गाठावा. संध्याकाळी जास्त दुखलं तर दुसऱ्या दिवशी एक मंडप कमी करावा. अशा मोजपट्टीनं अंगाला काय झेपतं ते कळतं. घराजवळ तलाव नसेल तर विजेचे खांब मोजावेत. तलावात मात्र उतरू नये. टाके सुकेपर्यंत आणि अंगावरून जाणं थांबेपर्यंत तलाव, नदी, टब यांतलं स्नान टाळायचं. तांब्यानं किंवा शॉवरखाली अंघोळ करून जखम हलकेच टिपून कोरडी ठेवावी. स्वामीमलैच्या साठ पायऱ्या चढायला बंदी नसते, पण जिन्याचा पहिला अनुभव साठ पायऱ्यांचा नसावा.

कोलमचं काय? वाकून ठिपके मांडणं हे वजन उचलणं नव्हे, तरी पहिले दोन-तीन आठवडे ते काम सासूनं, जावेनं किंवा नवऱ्यानं करावं. नवऱ्यानं कोलम काढला तर गल्लीतल्या चार बायका बघतील. बघू देत.

कुंभकोणममध्ये सरकारी जिल्हा मुख्यालय रुग्णालय आहे. तरी काही जणींची शस्त्रक्रिया तंजावरला होते, तिथल्या राजा मिरासदार रुग्णालयात किंवा खासगीत. घरी यायला साधारण चाळीस किलोमीटरचा रस्ता. त्या प्रवासाला गाडी केली तर बरं. गाडीचा पट्टा आणि पोट यांच्यामध्ये उशी घ्यावी, पायांचे घोटे सतत वर-खाली हलवत राहावेत, मध्ये एकदा उतरून चार पावलं टाकावीत. बसून राहिल्यानं पोटरीत रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. एकच पोटरी सुजली, दुखली, गरम लागली तर तिला तेल चोळू नये, थेट दाखवायला न्यावं.

आता घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवी अशी लक्षणं. ताप १०० अंश फॅरनहाइटच्या वर टिकणं. तासाला एक पॅड भिजेल एवढा रक्तस्राव. छेदातून पू येणं, त्याभोवती लाली पसरणं. लघवी न होणं, किंवा नकळत पाण्यासारखी गळत राहणं. कुशीत कळा येणं. सतत उलट्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पोटाचं दुखणं दिवसेंदिवस कमी होण्याऐवजी वाढत जाणं, पोट टम्म फुगणं. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर रोज थोडं बरं वाटलंच पाहिजे. आतड्याला इजा झाली असेल तर ती कधी कधी तीन-चार दिवसांनी किंवा त्याहून उशिरा उघड होते. अशा वेळी "एवढं तर दुखणारच" म्हणून अंगावर काढणं फार महाग पडतं. १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर महाराष्ट्रात चालतो तसाच तमिळनाडूतही. लेकीच्या किंवा बहिणीच्या सोबतीला महाराष्ट्रातून गेलेल्यांनी चार शब्द लक्षात ठेवावेत: ओटीपोट म्हणजे अडिवयिरु, दुखणं म्हणजे वलि, ताप म्हणजे काय्च्चल, बद्धकोष्ठ म्हणजे मलच्चिक्कल.

गर्भपिशवी काढल्यावर काही आठवडे तपकिरी किंवा फिकट लाल स्राव जातो. दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास टाके विरघळताना तो जरा वाढूही शकतो. पॅडच वापरावा, कप किंवा टॅम्पॉन नको. वेदनाशामक गोळ्यांबद्दल एक गैरसमज फार खोल रुजला आहे, की असह्य झाल्यावरच गोळी घ्यायची. पहिले काही दिवस डॉक्टरांनी दिलेल्या वेळेलाच ती घ्यावी. दुखणं चढल्यावर ते उतरवायला जास्त औषध लागतं, आणि दुखणारी बाई ना चालत, ना खोल श्वास घेत. तापाची, सर्दीची आणि दुखण्याची अशा वेगवेगळ्या नावांच्या गोळ्यांत एकच पॅरासिटामॉल असू शकतं, तेवढं वाचून घ्यावं.

इथवरचा भाग जखमेचा झाला. जखम सहा आठवड्यांत बहुतेक भरते. ज्या दुखण्यासाठी हे सगळं केलं, त्याचं वेळापत्रक मात्र वेगळं असतं, आणि ते कुणी सांगत नाही म्हणून कितीतरी बायका दुसऱ्या महिन्यात खचतात.

ओटीपोटाचं जुनाट दुखणं म्हणजे सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ येत-जात किंवा कायम राहिलेलं दुखणं. त्याची कारणं अनेक: एंडोमेट्रिओसिस (गर्भपिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढणं), ॲडिनोमायोसिस (तेच अस्तर पिशवीच्या भिंतीत शिरणं), जुन्या जंतुसंसर्गानं किंवा आधीच्या शस्त्रक्रियेनं आतले अवयव एकमेकांना चिकटणं, आणि आपल्या देशात जननमार्गाचा क्षयही. एंडोमेट्रिओसिस प्रजननाच्या वयातल्या साधारण दर दहा स्त्रियांत एकीला असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि तो ओळखायला वर्षं जातात. चेन्नईत जन्मलेल्या लेखिका आणि दूरचित्रवाणी कार्यक्रमांच्या सूत्रधार पद्मा लक्ष्मी यांनी जाहीरपणे सांगितलं आहे की पाळीचा भयंकर त्रास त्यांना किशोरवयापासून होता, निदान झालं ते छत्तिसाव्या वर्षी. त्यांच्याकडे पैसा होता, न्यूयॉर्कचे डॉक्टर होते. २००९ साली त्यांनी आपल्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांबरोबर या आजारासाठी अमेरिकेत संस्था काढली.

वीस वर्षं दुखलेल्या शरीरात नसा दुखणं शिकून बसतात. मज्जारज्जू आणि मेंदू साध्या स्पर्शालाही कळ म्हणू लागतात. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सतत आवळलेले राहतात, मूठ वळून ठेवल्यासारखे. शल्यविशारद गाठ कापून काढतो. ही वळलेली मूठ त्याच्या हातात नसते. म्हणून शस्त्रक्रिया उत्तम होऊनही दुखणं काही काळ उरू शकतं. अमेरिकेत १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, दुखणं गर्भपिशवीचंच आहे असं समजून पिशवी काढलेल्या स्त्रियांपैकी २२ टक्क्यांचं दुखणं नंतरही राहिलं. याचा अर्थ शस्त्रक्रिया फुकट गेली असा नाही, आणि बाई कांगावा करते असा तर मुळीच नाही. एंडोमेट्रिओसिस काढल्यावरची पहिली पाळीही जास्त दुखू शकते. तेवढ्यावरून आजार परत आला असं ठरवू नये.

इथं उपयोगी पडतो तो फिजिओथेरपिस्ट, विशेषतः ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं प्रशिक्षण घेतलेला. मैत्रिणी आणि मोबाइलवरचे व्हिडिओ 'केगल करा' म्हणून सांगतात, म्हणजे स्नायू आवळा. पण जिचे स्नायू आधीच आवळलेले आहेत, तिचं दुखणं याने वाढू शकतं. तिला आधी सोडायला शिकायचं असतं. उताणं झोपावं, गुडघ्यांखाली उशी घ्यावी, एक हात पोटावर ठेवावा. नाकानं सावकाश श्वास घेताना पोट वर येऊ द्यावं आणि लघवी सुरू होण्याच्या क्षणी जसं सैल पडतं तसं खालचं सगळं सैल पडू द्यावं. श्वास सोडताना काही करायचं नाही. पाच मिनिटं सकाळी, पाच मिनिटं झोपताना. फिजिओथेरपिस्ट गावात नसेल तर निदान एवढं तरी रोज व्हावं.

नसांच्या दुखण्यावर म्हणून गॅबापेन्टिन बरेचदा लिहून दिलं जातं. ब्रिटनमधल्या ३९ रुग्णालयांत ३०६ स्त्रियांवर त्याची चाचणी झाली आणि २०२० साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: दुर्बिणीतून कारण न सापडलेल्या ओटीपोटाच्या जुनाट दुखण्यावर ते नकली गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, गरगरणं आणि गुंगी मात्र जास्त आली. आपल्याला ते कशासाठी दिलं आहे, हे विचारायचा हक्क प्रत्येकीला आहे.

विचारण्याची खरी जागा म्हणजे डिस्चार्ज कार्ड. घरी येण्याआधी चार गोष्टी लिहून घ्याव्यात: आत काय सापडलं, काय काढलं, काय राहिलं, आणि तपासणीला पाठवलेल्या तुकड्याचा अहवाल कधी मिळेल. तो अहवाल आणायला कुणीतरी जायलाच हवं. त्यात क्षय निघाला तर औषधं सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतात आणि पुढचा सगळा उपचार बदलतो. अंडाशय काढले की ठेवले, हे तर बाईला स्वतःला माहीत असायलाच हवं. दोन्ही काढले असतील तर रजोनिवृत्ती एका रात्रीत येते: अंगातून वाफा, झोप उडणं, कोरडेपणा, पुढे हाडं ठिसूळ होणं. बाई पस्तिशी-चाळिशीची असेल तर संप्रेरकांची भरपाई करावी का, हा प्रश्न डॉक्टरांशी सविस्तर बोलायचा असतो.

काही न विचारता पिशवी काढून घेतली की काय होतं, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ साली बीडमधून बाहेर आलं. जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भपिशव्या काढल्या गेल्या, असं विधिमंडळात सांगितलं गेलं आणि चौकशीसाठी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. पाळीत खाडा नको, दंड नको, रोजचं दुखणं नको म्हणून विशी-तिशीतल्या बायकांनी पिशव्या काढल्या आणि थोड्याच दिवसांत त्या पुन्हा फडात मोळ्या उचलू लागल्या. २०२३च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं अमलात आणायला राज्यांना सांगितलं. कायदा आपल्या गतीनं चालेल. घरातल्या बाईला सहा आठवडे मिळणं मात्र घरातल्यांच्या हातात आहे.

ज्यांना मूल हवं आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट वेगळी. एंडोमेट्रिओसिसच्या शस्त्रक्रियेनंतर आजार परत येऊ शकतो. एका आढाव्यात दोन वर्षांत सुमारे पाचातल्या एकीला आणि पाच वर्षांत चाळीस ते पन्नास टक्के जणींना तो पुन्हा झाल्याचं दिसलं. म्हणून डायनोजेस्टसारखी संप्रेरकाची गोळी किंवा संप्रेरक सोडणारी तांबी पुढे चालू ठेवतात. पण या उपचारात दिवस राहत नाहीत. तेव्हा मूल हवं असेल तर ते आधीच सांगावं, कारण शस्त्रक्रियेनंतरचा सुरुवातीचा काळ त्यासाठी चांगला असतो आणि तो गोळ्यांत निघून जाऊ नये. कुंभकोणमहून वीसेक किलोमीटरवर तिरुकरुगावूरला गर्भरक्षांबिकेचं देऊळ आहे. अपत्यासाठी तिथं तुपाचा प्रसाद मिळतो, आणि सुखरूप बाळंतपणासाठी पोटाला लावायला एरंडेल तेल. श्रद्धेनं जरूर जावं. ताज्या टाक्यांवर मात्र कुठलंही तेल, हळद किंवा भस्म लावू नये. तो प्रसाद देवापाशी ठेवावा, जखम भरली की लावता येतो.

पतिपत्नींच्या संबंधांबद्दल घरात कुणी बोलत नाही, आणि डॉक्टर "सहा आठवड्यांनी चालेल" एवढंच म्हणतात. गर्भपिशवी काढल्यावर आधी तपासणी होऊन आतले टाके भरल्याची खात्री व्हायला हवी. आणि सहा आठवडे झाले म्हणजे तिची तयारी झाली, असं नसतं. वर्षानुवर्षं ज्या क्षणी कळ आली, त्या क्षणाची धास्ती शरीरात राहते. ती हवं म्हणेल तेव्हाच, सावकाश, वंगण वापरून, आणि ती थांब म्हणाली की थांबून. नवऱ्यानं तपासणीला बरोबर जावं आणि हे प्रश्न त्यानंच विचारावेत; तिचा अर्धा संकोच तिथंच कमी होतो.

एक छोटी वही ठेवावी. घरोघरी भिंतीवर असतं ते तारखांचं कॅलेंडरही चालेल. रोज रात्री दुखण्याला शून्य ते दहा गुण द्यायचे, शेजारी शौच, झोप, स्राव आणि किती मंडपांपर्यंत चालणं झालं ते लिहायचं. एखादा दिवस आठ गुणांचा निघाला की सगळं वाया गेलं असं वाटतं. महिन्याचं पान उलटून बघितलं की आठ गुणांचे दिवस मागच्या महिन्यात किती होते आणि या महिन्यात किती, ते दिसतं. तिसऱ्या महिन्यातही ते कमी झाले नसतील तर तीच वही घेऊन डॉक्टरांकडे जावं. "अजून दुखतंय" एवढ्या दोन शब्दांपेक्षा ती नव्वद दिवसांची नोंद त्यांना पुढचा रस्ता जास्त नेमका दाखवते.